बोळक्या तोंडाची झडती

अंगठी बाळाच्या तोंडात गेली आणि टक् असं वाजलं.

वाजलं म्हणण्याइतकंही ते नव्हतं. तांदूळ पाखडताना सुपात खडा वाजतो, त्याच्या निम्म्यानेही नाही. माजघरात बायका ओव्या म्हणत होत्या, चुलीपाशी कुणीतरी ‘वेलदोडे कुणी उचलले गं?’ म्हणून ओरडत होतं, आणि ज्याच्या हातात अंगठी होती तो बाळाचा मामा दौलत, कल्याणहून सकाळच्या गाडीने आलेला, खीर आपल्या नव्या कोटाच्या बाहीवर सांडू नये एवढ्याच एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघत होता. ठकूचं उष्टावण होतं. सोन्याची अंगठी खिरीत बुडवायची, बाळाच्या जिभेला लावायची, की माणूस अन्नाला लागलं. मग ते मरेपर्यंत त्यातून सुटत नाही. ठकू आजोबांच्या मांडीवर होती, आणि आजोबांनी, म्हणजे महिपत जमादारांनी, तिचा गाल दोन बोटांनी धरून ठेवला होता. ते टक् त्यांना कानांनी ऐकू आलं नाही. ते बोटांना ऐकू आलं. उभी हयात ठाण्याच्या तुरुंगाच्या दारावर झडत्या घेण्यात गेलेल्या माणसाची बोटं कानांपेक्षा शहाणी असतात. मऊ तोंडात काहीतरी मऊ नव्हतं. ठकूने खीर चाटली, तोंड वाकडं केलं, सगळ्यांनी ‘आवडली हो, आवडली!’ असा गलका केला, आणि जमादार बसल्या जागी असे गप्प झाले की रखमा, त्यांची सून, दोनदा त्यांच्याकडे बघून गेली. मामंजींना खीर मिळाली नाही म्हणून ते रुसले असावेत, असं तिला वाटलं. ते फार चुकीचंही नव्हतं. खीर खरंच मिळाली नव्हती. पण कारण निराळं होतं. बाळाला दात आला होता, आणि जमादारांची नोकरी गेली होती.

पहिली नोकरी सरकारी होती. ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी पुरा केला, आणि इंग्रजांनी त्यात मराठ्यांनाच ठेवायची वहिवाट पाडली. त्या किल्ल्यातल्या तुरुंगाच्या दारावर जमादार बसत. आत जाणारी चीजवस्तू त्यांच्या हाताखालून जायची. भाकरी मोडायची, कांदा चिरायचा, चपलेचा तळ उसवायचा, आईने पाठवलेल्या लाडवात बोट खुपसायचं. आया रडायच्या. जमादार रडणाऱ्या बाईकडे बघत नसत, लाडवाकडे बघत. त्यांच्या हिशेबी जगात कुठलीच वस्तू ती वस्तू नसायची. भाकरी ही कानस ठेवायची पिशवी. धोतर हा तटावरून सोडायचा दोर. वस्तू काय आहे हे बघायचं नसतं, तिचं काय करता येईल हे बघायचं असतं, असं ते नव्या शिपायांना सांगत, आणि शिपाई मान डोलवत. पेन्शन झाल्यावर हे सांगायला कुणी उरलं नाही. मग ते घराच्या दारात बसून भाजीवालीची पाटी तपासू लागले. दुधी उभा चिरून आत काही आहे का बघू लागले. भाजीवालीने नौपाड्याच्या वाटेला यायचंच सोडलं, तेव्हा गंगूबाईंनी, त्यांच्या बायकोने, त्यांना दारातून उठवून मागच्या पडवीत बसवलं. पडवीतून फक्त केळी दिसत. केळीत काही लपवता येत नाही. ते दिवस वाईट होते.

मग ठकू जन्मली. तिच्या पाठोपाठ, सुगी झाल्यावर चिमण्या याव्यात तशी, खेळणी आली. खुळखुळे आले, भिरभिरी आली, चिंध्यांची बाहुली आली, मातीची बोळकी आली, मुंबईहून कुणीतरी विलायती शिशाचा शिपाई धाडला. घरातल्या सगळ्यांनी ‘कित्ती गोड!’ म्हटलं. जमादारांनी पहिला खुळखुळा हातात घेतला, कानाशी हलवला, आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या पाठीचा कणा ताठ झाला. हा खुळखुळा नव्हता. ही खडे डांबलेली कोठडी होती; आणि कोठडी म्हटली की आज ना उद्या कुणीतरी फरार होणार, आणि फरार होऊन कुठे जाणार, तर बाळाच्या घशात. बाहुलीला डोळे म्हणून काचेचे मणी शिवले होते. डोळे कसले, दोन फासेपारधी टपून बसले होते. जमादारांनी त्याच दुपारी ते उपटले. गंगूबाईंनी काळ्या दोऱ्याचे डोळे काढून दिले. बाहुली त्यानंतर जरा मिचमिच बघायची, पण निर्धोक बघायची. ठकूच्या पायातला चांदीचा वाळा त्यांनी माप म्हणून उतरवून घेतला: जे वाळ्यातून आरपार जाईल ते घशातून जाईल, म्हणून ते फळीवर. दोरी असेल तर ती बाळाच्या गळ्याभोवती येणार नाही एवढीच आखूड. सांधा असेल तर ओढून बघायचा, खिळा असेल तर विषयच संपला. इथपर्यंत कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं. जमादारांचं खरं शास्त्र याच्यापुढे सुरू होत होतं, आणि ते दातांवर उभं होतं. म्हणजे नसलेल्या.

दात पेन्शनीच्या आतच गेले होते. तंबाखूने नेले असं गंगूबाई म्हणत. सरकारी कामात गेले असं जमादार सांगत. ते आठवलं की जीभ आपोआप हिरड्यांवरून फिरे, ओसाड किल्ल्याच्या तटावरून पहारेकऱ्याने फिरावं तशी. पण झालं ते बऱ्यासाठीच झालं असं त्यांना ठकूकडे बघून वाटू लागलं. तिला दात नाहीत. मला दात नाहीत. तेव्हा तिच्या तोंडात गेलेल्या वस्तूचं काय होणार हे सबंध ठाणे शहरात माझ्याइतकं कुणाला कळणार? सिव्हिल सर्जनसाहेबाला बत्तीसच्या बत्तीस दात होते. त्याचं मत या बाबतीत धरायचं काही कारण नव्हतं. जमादारांनी खेळणं राखेने घासून, कढत पाण्याने धुऊन आपल्या तोंडात घालायला सुरुवात केली. ओटीवर भिंतीला टेकून, डोळे मिटून, विडा रंगायला लागतो तेवढा वेळ ते चघळायचं. रंग उतरतो का, कड टोचते का, चव कसली लागते. मग ते बाहेर काढून निकाल द्यायचा. पास, नापास, किंवा जामिनावर, म्हणजे मोठं माणूस जवळ बसलं असेल तरच. शिशाचा शिपाई जिभेला गोडसर लागला. गोड लागणारा शिपाई कुठल्याच फौजेत नको, म्हणून तो गेला. येणाजाणाऱ्यांना ते दृश्य विचित्र दिसलं असेल. पांढऱ्या मिशांचा पेन्शनर जमादार, आणि मिशांखालून बाहेर आलेली खुळखुळ्याची दांडी. पण माणूस पुरेशा गंभीरपणे काहीही करत असेल तर लोक हसत नाहीत, रांग लावतात. आधी शेजारची सून आली, मग तळ्याकडच्या दोन बायका, मग चर्चपलीकडची माणसं. आणि बघता बघता लहान मूल असलेल्या घरात ‘जमादारांनी तोंडात घातलंय का?’ हा प्रश्न बारशाआधी विचारला जाऊ लागला.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. डोळे मिटून लाकूड चघळताना त्यांना बरं वाटायचं. नुसतं बरं नव्हे. हिरड्यांवरून ती गुळगुळीत गोलाई फिरली, लाळ सुटली, की सत्तरीला टेकलेला जमादार कुठेतरी खाली उतरत जायचा, तुरुंगाच्या खाली, नोकरीच्या खाली, महाडकडच्या गावच्या शाळेच्याही खाली, जिथे अजून शब्द पोचले नव्हते, फक्त काहीतरी ऊबदार होतं आणि त्याला दुधाचा वास होता. त्यांची आई ते चालायला लागायच्या आत गेली होती. तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. पण लाकूड तोंडात असलं की चेहऱ्याची गरजच वाटायची नाही. मग ते दचकून डोळे उघडत, खेळणं बाहेर काढत आणि नेहमीपेक्षा मोठ्याने ‘पास!’ म्हणत. हे काम आहे, असं ते स्वतःला बजावत. तशी काही खेळणी त्यांनी गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तपासली हे खरं. पण तपासणी कसोशीने केली असा त्याचा अर्थ होतो, दुसरा कुठला होत नाही.

आणि ठकू. महिनोन् महिने ती आणि ते, एका घरात दोनच बिनदातांची माणसं होती. दोघांना एकाच पातेल्यातला मऊ भात पुढे मिळणार होता. दोघं एकमेकांकडे बघून हसत तेव्हा दोन रिकामी, गुलाबी, सारखी तोंडं समोरासमोर उघडत, आणि जमादारांना आरशात बघावं तसं वाटायचं. फक्त आरसा चांगला होता.

ठकूच्या मुठीत आत्ता पोपट होता. दौलतमामाने मागच्या खेपेला कल्याणच्या बाजारातून पाळण्यावर टांगायचं चिमणाळं आणलं होतं, लाख चढवलेले झगझगीत हिरवे लाकडी पोपट गोल फिरणारं, आणि त्यांच्याबरोबर हातात धरायला एक सुटा. त्या पोपटाची झडती लांबली होती. जमादारांनी तो उलटसुलट चघळला, गालात ठेवला, जिभेने घासला; पांढऱ्या पंच्याला हिरव्याचा डागसुद्धा लागला नाही. ‘अव्वल’ असा निकाल त्यांनी आयुष्यात एकदाच दिला तो याला. तेव्हापासून पोपट ठकूच्या तोंडाबाहेर फारसा आला नव्हता. आत्ताही खिरीचं कौतुक संपलं तशी तिने त्याचं डोकं तोंडात घातलं, आणि जमादारांच्या बोटांना गालातून आवाज आला. कर्र.

त्यांनी पोपट काढून घेतला. ठकूने भोकाड पसरलं. ओव्या थांबल्या.

“मामंजी, काय झालं?” रखमा धावत आली.

“काही नाही. फेरतपासणी.”

“माझ्या पोपटाची?” दौलतचा हात कोटाच्या कॉलरकडे गेला. “अहो तात्या, तुम्हीच अव्वल म्हणालात ना? मी सगळ्या कल्याणात सांगत फिरलोय. पारनाक्यावरच्या न्हाव्यालासुद्धा सांगितलंय.”

“अव्वल आहेच,” जमादार म्हणाले. “अव्वल कैद्याचीच झडती दोनदा घ्यावी लागते. पोरीला बाहुली द्या.” आणि नातीला सुनेच्या हातात देऊन, पोपट मुठीत घट्ट धरून, ते मागच्या पडवीत चालते झाले. तुरुंगातही ते असेच चालत. काही सापडलं असेल तेव्हा सावकाश, आणि काय सापडलंय ते कळलं नसेल तेव्हा आणखी सावकाश.

पडवीत केळी होत्या आणि ऊन होतं. पोपटाच्या चोचीजवळ एक बारीक ओरखडा होता, नखाच्या कडेने पडेल तेवढा. त्यांनी नखाने घासून बघितलं. लाख हलली नाही. बटव्यातला अडकित्ता काढून दाबला. लाखच काय, लाकूडही कापलं गेलं. दोन्हींतून काही सिद्ध होईना. नख दातापेक्षा मऊ, अडकित्ता दातापेक्षा कठोर. दातासारखा फक्त दात. त्यांनी सवयीने पोपट तोंडात घातला, हिरड्यांनी चावला, आणि तो तोंडात असतानाच त्यांना कळलं की आपण करतोय ते सगळं व्यर्थ आहे. हिरडी चावत नाही. हिरडी विनवण्या करते. इतके दिवस त्यांनी या पोपटाला विनवण्या केल्या होत्या आणि त्याने नाही म्हटल्यावर त्याला सज्जन ठरवलं होतं.

चोच जिभेवर होती आणि कुठून तरी पंतोजींचा आवाज आला. ‘कुंचला तोंडाला लावायचा नाही रे, गाढवा! हरताळ आहे तो!’ महाडकडची ती शाळा, देवळाची ओवरी, पोथीची नक्कल करत बसलेले पंतोजी. अक्षर चुकलं की ते पिवळ्या हरताळाचं बोट त्याच्यावर फिरवत, आणि चूक पिवळी होऊन नाहीशी होई. महिपत नावाच्या पोराला ते फार आवडायचं. चूक झाकणारा रंग जगात आहे याचा त्याला केवढा धीर वाटला होता! आणि एकदा कुंचल्याचं टोक ओढायला त्याने तो ओठाशी नेला तेव्हा पंतोजींनी हातावर अशी छडी मारली की कुंचला ओवरीच्या खाली जाऊन पडला. हरताळ म्हणजे सोमलाचा, त्या जहाल विषाचा, भाऊ. त्यात नीळ घातली की पोपट होतो. हे त्यांना आज कळलं असं नाही. ते डोक्यात कुठेतरी अंथरूण घालून निजलं होतं. रंग सुटतच नाही म्हटल्यावर तो कसला आहे हे विचारायला कोण उठणार? आता उठलं होतं. चुकांवर फासायच्या हरताळाने त्यांच्या सगळ्या निकालांवरच हरताळ फासला होता. ही कोटी त्यांना सुचली, आणि ऐकायला जवळ कुणी नाही याचं थोडं वाईट वाटलं. मग त्यांनी पोपट तोंडातून काढला, आणि बऱ्याच उशिराने, थुंकले.

ऊन पायांवर सरकत होतं. नौपाड्यात, तळ्याकाठी, चेंदणीत, कुठल्या कुठल्या घरांत त्यांनी पास केलेले घोडे, चाकं, चिमण्या, बाहुल्या होत्या. त्या घरांतल्या पोरांना आतापर्यंत दात आले असतील. आले असतील कसले, आलेच असणार! हे त्यांच्या मनात एकदाही कसं आलं नाही? जमादारांनी स्वतःची उलटतपासणी घेतली, आणि आरोपीने सरळ उत्तर दिलं. या वयाला दात जातात. दाढ गेली, सुळा गेला, पुढचे दोन एका आठवड्यात गेले. दात म्हणजे जाणारी गोष्ट, नोकरीसारखी, मित्रांसारखी. दात येतात, हे ते चक्क विसरून गेले होते. तुरुंगाच्या दारावर बसून आत काय जातंय यावरच नजर ठेवली, आणि आतल्या आत काय उगवतंय ते बघायचं राहिलं. त्यांना क्षणभर थंडी वाजली. त्यांनी पंचा अंगावर ओढून घेतला. थंडी केळीतून आली असावी, असं त्यांनी ठरवलं.

पुढे पानं मांडायची गडबड सुरू झाली होती. ठकूला पाळण्यात घालून रखमा वाढायला गेली होती. जमादार चोरासारखे आत आले; चोर कसा चालतो हे त्यांना पाठ होतं. वर चिमणाळं फिरत होतं, आणि त्याखाली ठकू दोऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुलीचा कान चावत होती. पोपट नाही तर बाहुली. तिचा कुणावर राग नव्हता. त्यांनी करंगळी धुऊन तिच्या तोंडात घातली. आधी नुसती ओल, जीभ, ओळखीची हिरडी, आपल्यासारखीच. आणि मग खालच्या बाजूला, अगदी पुढे, ते टोक. एवढंसं, तांदळाच्या कणीएवढं, पण करवतीच्या नव्या दात्यासारखं करकरीत. ठकूने त्यांच्याकडे बघितलं, विचार केला, आणि चावली.

जमादारांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून आलं असं म्हणता आलं असतं. करंगळीवर पांढरा वळ उठला होता, आणि त्यांना एकाएकी इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा हे कळेना. केवढी ताकद! काय धार! आणि त्या आनंदाच्या तळाशी दुसरंच काहीतरी बसलं होतं, भांड्याच्या तळाशी गाळ बसावा तसं. ती निघाली होती. त्या दोघांच्या गुळगुळीत मुलखातून तिने पाऊल बाहेर टाकलं होतं, आणि आता एकामागून एक दात येणार, मग शब्द, मग भाकरी, मग सासर. आणि ते तिथेच, त्याच ओटीवर, चघळत.

“काय घातलंत तिच्या तोंडात?” गंगूबाई मागे उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात तुपाचं भांडं होतं.

“बोट.”

“का?”

जमादारांनी वळ दाखवला. गंगूबाईंनी तुपाचं भांडं आधी खाली ठेवलं, मग किंचाळल्या. “अगं रखमे! दात आला गं पोरीला! दात!”

घर पाळण्याभोवती गोळा झालं. आणि त्या सगळ्यांतून एकही माणूस ‘आता ती काय काय चावेल’ असं म्हणालं नाही. प्रत्येकाने एकच विचारलं: “वरचा की खालचा?” कारण वरचा दात आधी आला की मामाला जड जातो, हे ठाणे-कल्याणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दौलत भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा खिरीसारखा झाला होता.

“नीट बघा हो,” तो म्हणाला. “उलटी धरून बघू नका.”

“खालचा! खालचाच आहे!” रखमा ओरडली.

“देव पावला,” म्हणून दौलत पाटावर बसला आणि त्याने आणखी खीर मागितली. पाळण्यावरून त्याने आणलेले पोपट हळूहळू फिरत होते. जमादारांना वाटलं, यालाच म्हणतात पहारा. सगळे शिपाई मामाच्या दारावर, आणि बाळाच्या तोंडाचं फाटक सताड उघडं.

जेवणं झाल्यावर पाहुणे लवंडले. गंगूबाई पडवीत आल्या तेव्हा जमादार पोपटासमोर बसले होते. एखाद्या कबूल न होणाऱ्या गुन्हेगारासमोर बसावं तसे.

“याला का पकडलंय?” गंगूबाईंनी पदराला हात पुसत विचारलं. “खरं सांगा. फेरतपासणी-बिरतपासणी रखमेला सांगा.”

“हिरवा रंग हरताळाचा आहे,” जमादार म्हणाले. “हिरडीने सुटत नाही. दाताने सुटतो का ते बघायचंय. नख चालत नाही, अडकित्ता चालत नाही.”

“मग दौलतला द्या चावायला.”

“त्याला बत्तीस आहेत. तो पोपटाचा भुगा करेल आणि ओरखड्याचं काही कळणार नाही. ठकूला एक आहे. एकच पाहिजे, पुढचा, खालचा.”

गंगूबाई हसल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात जमादारांनी ते हसणं हजारदा बघितलं असेल, पण झडतीच्या नजरेने आजच बघितलं. सगळं बोळकं, आणि खाली, अगदी पुढे, एक दात. जुना, पिवळा, पण ताठ उभा. भोपळ्याच्या बिया सोलायला तो त्यांना पुरायचा.

“आणा इकडं,” म्हणून त्यांनी पोपट घेतला, पदराने पुसला, आणि जमादार हो-नाही म्हणायच्या आत चोच दाताखाली धरून दाबली.

कर्र.

“सुटला की हो,” गंगूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या दातावर हिरवा टवका चमकला.

“थुंक!” जमादार ओरडले. केळीवरचा कावळा उडाला. “अगं थुंक आधी! बोलू नकोस! गिळू नकोस! थुंक म्हणतो ना!” त्यांनी एका हाताने बायकोचा जबडा धरला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या तोंडात घालून तो टवका काढायला बघत होते. बोट सारखं निसटत होतं. तुरुंगात एकदा एका कैद्याच्या तोंडातून त्यांनी वस्तऱ्याचं पातं काढलं होतं. तेव्हा ते एकदाही निसटलं नव्हतं. लोटाभर पाण्याच्या चुळा भरवून, पुन्हा जबडा उघडायला लावून, जिभेखाली बघून, मगच त्यांनी तिला सोडलं. त्यांना धाप लागली होती.

गंगूबाईंनी पदराने तोंड पुसलं. “एवढं घाबरायला काय झालं?”

“काय झालं म्हणजे? सोमलाचा भाऊ आहे तो! माणूस मरतं!”

“हो?” त्या शांतपणे म्हणाल्या. “आणि तुम्ही ओटीवर बसून चघळत होतात ते काय होतं? खडीसाखर? लाख, शिसं, कुठल्या कुठल्या घरची लाकडं. रोज. डोळे मिटून. मी दाराआड उभी असते, माहीत आहे?”

“कशाला?”

“कशाला! डोळे मिटलेल्या माणसाचे पुन्हा उघडतात का बघायला.” आणि मग, “भात मऊ मी कुणासाठी करते?”

जमादारांनी पोपट उचलला, टवका उडालेली जागा अंगठ्याने झाकली, पुन्हा उघडली. इतके दिवस त्यांना वाटत होतं की ओटीवर तपासणाऱ्याला कुणी तपासत नाही. दाराआड उभं राहून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहणं काय असतं, हे त्यांना आत्ता कळलं होतं, चुळांच्या तेवढ्याशा वेळात. आणि ती हे रोज करत होती. मग त्यांचा कणा पुन्हा ताठ झाला. तो फार वेळ वाकलेला राहू शकत नसे, सवयच नव्हती. ते माजघरात गेले, दौलतला जागं केलं आणि निकाल सांगितला.

“पोपट नापास.”

“पण दात खालचा आहे ना?” दौलत झोपेतून म्हणाला.

“म्हणूनच नापास. तुमचा दोष नाही, पोपटाचाही नाही. परिस्थिती बदलली. सुटा पोपट जाणार. चिमणाळं वर आढ्याला, तिच्या हाताला लागणार नाही असं. पोपट बघायचे, चावायचे नाहीत.”

“तात्या, मी न्हाव्याला काय सांगू?”

“दात आला म्हणून सांगा.”

दिवस कलता कलता चर्चपलीकडच्या रोझाबाय आल्या. कमरेवर नातू, हातात लाकडी घोडा. घोड्याला एकच कान होता.

“अरे जमादारा, ये बग जरा,” त्या ओटीची पायरी चढताच म्हणाल्या. “तू पास केलेला घोडा. माज्या इनासने कान खाल्ला ना त्याचा.”

जमादार उठून पोराकडे वाकले. “पोर बरं आहे?”

“त्याला काय होतंय? जेवतो, निजतो, नि मना चावतो. पन दुसरा कान बी खाईल का रं, ता सांग.”

रंग नव्हता, साधं पांढरं लाकूड होतं. जमादारांनी हे आधी बघितलं आणि मग श्वास सोडला. “बाय,” ते म्हणाले, “चर्चच्या आळीत सगळ्यांना सांग. मी पास केलेली सगळी खेळणी परत आणायची. रंगीत आधी. ज्या पोराला दात आलाय त्याची आजच्या आज.”

“म्हंजे तुजा चुकला काय?”

ओटीवर गंगूबाई होत्या, दारात रखमा होती, मागे दौलत कोट झटकत उभा होता. जमादारांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

“माझा निकाल बरोबर होता,” ते म्हणाले. “तोंड चुकीचं होतं.”

रोझाबाय त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, आणि इनासलाही, चार पांढरे दात दाखवून. जमादारांनी घोडा राखेने घासला, कढत पाण्याने धुतला, सवयीने तोंडाशी नेला. तिथे त्यांचा हात थांबला. त्यांनी घोडा गंगूबाईंना दिला आणि भिंतीला टेकायची आपली जागा त्यांच्यासाठी मोकळी केली.

“आजपासून आमच्याकडे दात असलेलं माणूस बसतं,” त्यांनी रोझाबायला सांगितलं, जणू हा हुकूम त्यांनीच काढला होता.

गंगूबाईंनी उरलेला कान दाताखाली धरला. “डोळे मिटू का?” त्यांनी घोड्याआडून विचारलं.

“मुळीच नाही,” जमादार म्हणाले. आणि सगळ्या आळीदेखत, बायकोच्या हनुवटीखाली ओंजळ धरून, ते वाट बघत बसले.